सांगलीत कळसूत्री बाहुल्यांची कंपनी काढताना

2023 च्या गुढीपाडव्याला आमच्या घरी ठरलं की बाहुल्यांचं काम आता हौसेपुरतं ठेवायचं नाही, रीतसर संस्था काढून करायचं. त्याआधी कितीतरी वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवता शिकवता हातमोज्याच्या बाहुल्या करत होते. स्नेहसंमेलन, गणपती, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे खेळ. बदल्यात नारळ, शाल आणि "मॅडम, फार छान झालं". माझे दीर एस.टी.च्या वर्कशॉपमधून नुकतेच रिटायर झाले होते. पुरणपोळीच्या ताटावर त्यांनीच विषय काढला. "वहिनी, नाटकाला लोक तिकीट काढतात, तमाशाला काढतात. बाहुल्यांनीच काय घोडं मारलंय?"

सांगलीत तरी हा प्रश्न पडायलाच हवा. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांसमोर 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं, म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पुढे 1853 मध्ये मुंबईत जाऊन त्यांनी तिकीट लावून खेळ केले. याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या, आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या, हे मात्र गावात फार कुणाला माहीत नसतं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणताना बाहुल्यांचा धागा आपण सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ठरल्यापासून पहिलं तिकीट विकेपर्यंत डिसेंबर 2024 उजाडला. बाहुली कशी करायची हे सांगणारे लोक भेटतात. जिल्ह्याच्या गावात राहून कंपनी कशी उभी करायची, कुठला कागद कुठे द्यायचा, हे एका ठिकाणी सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सुरुवात लाकडापासून केली, कारण लाकडाला वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कागदपत्रं होतील असा हिशोब होता. बाहुली हलकी हवी, सगळा वेळ ती हातावर तोलायची असते. सागवान, शिसव नको. आम्ही पांगारा घेतला. मिरज तालुक्यात नरवाड, बेडग, आरग या बाजूला पानमळे आहेत, आणि वेलाला आधार म्हणून शेवरी, शेवग्याबरोबर पांगाराही लावतात. एका जुन्या पानमळ्याची मोडणी चालली होती. मालकांनी मांडीएवढ्या जाडीचे ओंडके ट्रॉलीत टाकून दिले, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. साल काढून, दोन्ही टोकांना मेण लावून ओंडके जिन्याखाली सावलीत ठेवले. पांगारा उन्हात वाळवला तर उभा तडकतो. आणि त्याला कीड फार लवकर लागते, म्हणून कडुलिंबाचं तेल अधूनमधून चोळावं लागतं. दिवाळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

मे महिन्याच्या सुट्टीत राधानगरी, फोंडा घाट करून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. ठाकर समाजाच्या कलाकारांनी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांच्या अंगणातल्या संग्रहालयात जुन्या बाहुल्या टांगलेल्या आहेत. लहानखुऱ्या, अंगावर रंग उडालेला, पण दोरा हातात आला की क्षणात मान वळते. मी तिथे बराच वेळ नुसती बोटांकडे बघत बसले. परत येताना एक गोष्ट मनाशी पक्की केली: त्यांच्या आख्यानांची, त्यांच्या बाहुल्यांच्या घडणीची नक्कल करायची नाही. ती विद्या त्या घरांची आहे. आपण शिकायचं, नमस्कार करायचा आणि आपली गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायची.

जूनमध्ये नोंदणीला हात घातला. आपल्या राज्यात अशी संस्था दोन कायद्यांखाली नोंदवतात: 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातच होतं. किमान सात माणसं लागतात. सगळी एकाच घरातली नकोत, असा सल्ला मिळाला. मग मी, दीर, तबला शिकवणारे शेजारचे काका, माझी एक जुनी विद्यार्थिनी, शाळेतल्या दोन सहकारी आणि रंगकाम करणारा एक मुलगा, असे सातजण जमले.

त्या इमारतीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा छातीत धडधडत होतं. नवऱ्याच्या माघारी सगळे कागद मीच केलेत, पण कोर्टासारखं वातावरण बघितलं की अजूनही घसा कोरडा पडतो. प्रत्यक्षात तिथल्या बाई शांतपणे बोलल्या. "मॅडम, नाव आधी तपासून घ्या, बाकीचं टायपिंग नंतर करा." हा सल्ला लाखमोलाचा. आम्ही मनात धरलेलं नाव दुसऱ्या एका संस्थेच्या नावाशी जुळत होतं, ते मिळालं नाही. दुसरं दिलं, ते बसलं. नाव मंजूर व्हायच्या आधी लेटरहेड, शिक्के, बॅनर काहीही करून घेऊ नका.

मग संस्थेचं ज्ञापन, नियमावली, सात जणांची यादी, प्रत्येकाचं आधार आणि फोटो, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं लाईट बिल. कार्यालयाचा पत्ता म्हणून माझंच घर दिलं. सरकारी फी अगदी किरकोळ आहे. पैसे जातात ते टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि स्टॅम्प पेपरला. आमच्या वेळी 100 चा स्टॅम्प चालला. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 आणि 200 च्या जागी 500 चा आला आहे, पण शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतो का, हे आधी विचारून घ्या. एका ओळखीच्या वकिलांनी सगळं तपासून दिलं, त्यांची फी धरून साडेसात हजारांच्या आत काम झालं.

उद्दिष्टं लिहिताना मात्र बसून विचार करा. आम्ही 'बाहुल्यांचे प्रयोग' एवढ्यावर थांबलो नाही. प्रशिक्षण शिबिरं, शाळांसाठी कार्यशाळा, जुन्या बाहुल्यांचं जतन, पुस्तिका छापणं, इतर संस्थांबरोबर उपक्रम, असं सगळं घातलं. पुढे अनुदान मागताना किंवा कुणी देणगी देताना ते तुमची उद्दिष्टंच वाचतात, आणि नंतर संस्थेची घटना, म्हणजे ज्ञापन आणि नियमावली, बदलायची तर सर्वसाधारण सभेपासून पुन्हा सगळी उस्तवार.

1860 च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र सप्टेंबर 2023 मध्ये हातात आलं. लोक इथे थांबतात. थांबू नका. 1950 च्या कायद्याचा परिशिष्ट 2 चा अर्ज लगेच द्यावा लागतो. त्यात जंगम मालमत्तेचा रकाना असतो. आमच्याकडे सुरुवातीच्या निधीचे 1,100 रुपये होते, तेच लिहिले. मग जाहीर नोटीस निघते, हरकतीसाठी 30 दिवस ठेवतात, त्यानंतर चौकशी आणि आदेश. दोन तारखांना साहेब रजेवर होते, एकदा आमच्या एका सदस्याच्या सहीत फरक निघाला. एफ नंबरचं, म्हणजे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणीचं, प्रमाणपत्र फेब्रुवारी 2024 मध्ये मिळालं. त्या संध्याकाळी सगळ्यांनी गणपती मंदिरात जाऊन पेढे ठेवले.

एवढ्या अवधीत लाकूड वाळलं होतं, आणि दिवाळीनंतर माझं खरं काम सुरू झालं होतं.

गोष्ट निवडली ती सगळ्यांना पाठ असलेली, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची. जाताना वाळकी, येताना तूपपोळी खाऊन गुटगुटीत. म्हणजे म्हाताऱ्या दोन लागल्या. शिवाय वाघ, कोल्हा, लेक आणि भोपळा. भोपळा कागदाच्या लगद्याचा करायचं चाललं होतं. दीर म्हणाले, "मिरज आठ-दहा किलोमीटरवर असताना खोटा भोपळा कशाला?" मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतार, तंबोऱ्यासाठी वाळवलेले भोपळे माळ्यावर रचून ठेवलेले असतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी गेले त्या दुकानातले चाचा आधीपासूनच त्यांच्या वाद्यांविषयी तितक्याच मानाने बोलत. काय हवंय ते ऐकून घेतलं, माळ्यावरून एक भोपळा काढला. आकार लहान, एका बाजूला चीर, वाद्याला बाद. बोटाच्या गाठीने त्यावर टकटक केलं. "ताई, हा गायचा नाही. पण बोलेल." चीर त्यांनीच लाखेने भरून दिली. दोनशे रुपये घेतले, तेही मी हट्टाने दिले.

हा भोपळा दोऱ्यावर उड्या मारायला शिकवणं हे आमच्या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम ठरलं. वाळका भोपळा इतका हलका असतो की वर ओढला की खाली येताना भिरभिरतो, गिरकी घेतो, तोंड प्रेक्षकांकडे राहत नाही. तळाशी वजन हवं. शिसं लहान मुलांच्या हाताला लागायला नको म्हणून आम्ही टाळलं. दिरांनी वर्कशॉपमधल्या सवयीने लोखंडी नट आणले, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून ते आत तळाशी बसवले. एकाच जागी ठेवले तर भोपळा कलंडतो. तीन ठिकाणी विभागून ठेवल्यावर सरळ राहिला. दोरे चार: दोन कडेचे, एक पुढचा, एक मागचा. पुढचा दोरा थोडा सैल सोडला की भोपळा उडी घ्यायच्या आधी किंचित पुढे झुकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता हा निघाला. आपटताना फळीवर त्याचा स्वतःचा आवाज येतो, टुण्ण. त्या आवाजासाठी रंगमंचावर सतरंजी घालायची नाही, उघडा प्लाय ठेवायचा, आणि तबल्याने त्या जागा मोकळ्या सोडायच्या असं काकांनी स्वतःहून ठरवलं.

वाळकी म्हातारी वीस इंचांची आहे. नऊ दोरे: डोक्याला दोन, खांद्यांना दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन. सगळे वर लाकडी फुलीला बांधलेले, गुडघ्यांची पट्टी सुटी, म्हणजे ती डावी-उजवी कलवली की पाय उचलतात. म्हातारीचं म्हातारपण पाठीच्या दोऱ्यात आहे. फुली पुढे झुकवली की डोकं खाली येतं, पाठीचा दोरा ताठ होतो आणि ती कमरेत वाकते. वाघ समोर आला की हीच फुली हळूहळू सरळ करायची. तिचं धाडस तेवढ्यात दिसतं, बोलावं लागत नाही.

दोऱ्याबद्दल एवढंच सांगते, नायलॉनची एकेरी तंगूस घेऊ नका. दिव्यात चमकते आणि गुंडाळीचा पीळ सोडत नाही. मेण लावलेला, विणीचा काळा दोरा घ्या. लांबी ठरवताना चालवणारा माणूस पुलावर, म्हणजे रंगमंचामागच्या उंच फळीवर, उभा राहून कोपर काटकोनात धरेल तेव्हा बाहुलीचे पाय फळीला टेकले पाहिजेत. म्हणजे माणूस बदलला की दोरा बदलतो. आम्ही प्रत्येक बाहुली एकाच्या नावावर केली. खेळ संपला की फुली गोल फिरवून सगळ्या दोऱ्यांना एकत्र पीळ द्यायचा आणि बाहुली तिच्या स्वतंत्र कापडी पिशवीत टांगून न्यायची. गुंता झाला तर अख्खी दुपार जाते.

रंगमंचाचा सांगाडा दिरांनी चौकोनी पाइपचा जोडून दिला. चालवणाऱ्यांना उभं राहायला मागे पूल, पोटाशी टेकायला आडवा दांडा, सगळं नटबोल्टवर सुटं होणारं, एका छोटा हत्तीत मावणारं. पाइप, प्लाय, काळं कापड मिळून 17 हजार. दिवे जुने घेतले, ते 6 हजार. पटाशा, रंग, कापड, दोरे, किरकोळ हे सगळं धरून एकूण साठ हजारांच्या आसपास गेले. माझी भिशी त्या वर्षी लागली होती, ती यात घातली. बाकीचे सातजणांनी जमेल तसे टाकले आणि प्रत्येकाच्या नावाने पावती फाडली.

पॅन कार्ड लवकर आलं. बँकेत मात्र अडकलो. एका बँकेने दीड महिना कागद ठेवून घेतले आणि दर वेळी नवीन कागद सांगितला. शेवटी दुसरीकडे गेलो, तिथे आठवड्यात खातं उघडलं. खातं उघडण्याचा ठराव, त्यावर तिघांच्या सह्या, आणि घटनेची प्रमाणित प्रत, या तीन गोष्टी कुठेही मागतातच. प्रमाणित प्रती एकदमच चार-पाच काढून ठेवा.

जुलै 2024 मध्ये पाऊस लागला आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोक्याची. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. ज्यांनी तो ऑगस्ट बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्या भागात तेव्हा तळमजला पूर्ण पाण्यात होता. म्हणून मी बाहुल्या पहिल्यापासून वरच्या मजल्यावर टांगते. तरीही त्या आठवड्यात तबल्याच्या काकांनी म्हातारी आणि भोपळा उचलून विश्रामबागला आपल्या मुलीकडे नेऊन ठेवले. त्या वर्षी पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. सांगलीत किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात संस्था काढणार असाल तर कागदपत्रांची पेटी आणि बाहुल्या कुठे ठेवणार, हे पहिल्या दिवशी ठरवा.

ऑगस्टमध्ये संहिता पाठवली. तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. बाहुल्यांचा खेळ म्हटल्यावर अनेकांनी सांगितलं, कशाला लागतंय. आम्ही घेतलंच. आमच्या खेळात संवाद कमी, म्हणून प्रत्येक प्रवेशात काय घडतं ते सविस्तर लिहिलं, गाण्यांचे शब्द पूर्ण दिले, पानांना क्रमांक घातले. प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. नंतर सभागृहाच्या व्यवस्थापकांनी पहिला तोच कागद मागितला, आणि पोलीस ठाण्यात अर्जाला त्याचीच झेरॉक्स जोडली.

प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत करायची इच्छा होती. पण 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, सभागृहं आणि पोलीस दोन्ही अडकले. थांबलो. त्या महिन्यात तालमी मात्र मनासारख्या झाल्या.

मोठं नाट्यगृह घ्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. भावे नाट्यमंदिरात आपलं नाव लागावं असं सांगलीत कुणाला वाटत नाही? पण वीस इंचांची बाहुली दहाव्या रांगेपलीकडे दिसत नाही. दीडशे माणसं बसतील अशी जागा बघा, आणि लहान मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. विश्रामबागमध्ये एका शाळेचं सभागृह तीन हजारांत मिळालं. तिकीट 100 रुपये, मांडीवर बसणाऱ्या बाळाला नाही. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. तिकिटं नंबर घालून छापली आणि स्थळप्रती जपून ठेवल्या, हिशोबाला लागतात.

22 डिसेंबर, रविवार, सकाळी अकरा. पहिल्या उडीला भोपळा वाजला आणि सतरंजीवरून एक मुलगा उठून थेट रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. वाघ आला तेव्हा पुढच्या दोन मुलींनी मिळून त्याला "ती भोपळ्यात नाहीये!" असं ओरडून सांगितलं. म्हातारीला वाचवायला त्या खोटं बोलत होत्या. पुलावर माझ्या हातात फुली होती, मान खाली होती, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

तिकिटाचे 11,800 जमले. सभागृह, गाडी, छपाई, चहा-वडापाव वजा जाता जे उरलं त्यातून चालवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाला 500 रुपये मानधन दिलं. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव, व्हाउचर, सही, सगळं रीतसर. संस्थेचे पदाधिकारी आणि कलाकार एकच असले की हा ठराव फार महत्त्वाचा. बाहुल्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंदवल्या. 31 मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण करून हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, आणि पदाधिकारी बदलला तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती झाली. संस्थेच्या उत्पन्नाला आणि देणगीदाराला आयकरात सूट मिळावी म्हणून अनुक्रमे 12ए आणि 80जी साठी दहा-ए फॉर्म भरला आहे.

आता शाळांकडून बोलावणी येतात. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेलाही आम्ही फुकट म्हणत नाही. मुलामागे दहा रुपये सांगतो, आणि जिथे तेही जड जातात तिथे गावातल्या एखाद्या पतसंस्थेला किंवा दूध संस्थेला आम्हीच पत्र देतो, ते भरतात. परवा जत तालुक्यातल्या एका शाळेचा फोन होता; अंतर मोठं, गाडीभाडंच पाच हजार. त्याच दिवशी जवळच्या आणखी दोन शाळा मिळतात का ते दीर सध्या बघतायत.